कव्हरमधला उलटा फोटो

«ताई, मी वीस वर्षांची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पंधराव्या वर्षापासून हिजाब घालते, स्वतःच्या मर्जीने. लॉकडाउनमध्ये बीटीएस, म्हणजे सात मुलांचा कोरियन बँड, ऐकायला लागले आणि आता माझं अर्धं जग तेच आहे. मैत्रिणी तिथल्या, कोरियन शिकतेय तीही त्यांच्यामुळे. घरी यातलं कोणाला फारसं माहीत नाही. फोनच्या पारदर्शक कव्हरमध्ये त्यांच्यातल्या जिमीनचं फोटोकार्ड (अल्बमसोबत मिळतं ते) आहे, पण ते मी उलटं घालून ठेवते. गेल्या महिन्यात भाईने ते सरळ करून बघितलं. म्हणाला, 'पहाटे फज्रच्या नमाजला उठवत नाही आणि यांच्यासाठी रात्रभर जागतेस. मुसलमान आहेस की कोरियन?' फॅन ग्रुपमध्ये हिजाबातला फोटो टाकला तर एकीने विचारलं, 'तुमच्यात हे चालतं?' आणि एका अनोळखी मुस्लिम माणसाने खाली लिहिलं, 'हिजाबची तरी लाज ठेव.' आता माझी दोन अकाउंट आहेत. एकात हिजाब आहे, गाणी नाहीत. दुसऱ्यात गाणी आहेत, चेहरा नाही. हे मुलगे ओरडत नाहीत, रडू आलं तर रडतात, एकमेकांना सांभाळतात, म्हणून मला आवडतात. पण त्यांचे चेहरे बघितल्यावर आरशात बघवत नाही. चार महिने रंग उजळायचं एक क्रीम लावतेय, ग्रुपमधल्या मुलीने सुचवलेलं. ताई, यातली खरी मी कोण? सगळं सोडून देऊ का?

– जांभळा हिजाब (ईदला अम्मीने आणला. जांभळा आर्मीचा, म्हणजे बीटीएसच्या चाहत्यांचा, रंग आहे हे तिला कुठे माहीत!)

ता. क. कोरियन भाषेच्या टॉपिक परीक्षेत दुसरी पातळी मिळाली. घरी सांगितलेलं नाही. पुढच्या परीक्षेचा अर्ज भरायचा राहिलाय.»

प्रिय जांभळा हिजाब,

तुझ्या भाईचं एक म्हणणं बरोबर आहे. ते आधी मान्य करून टाकू, म्हणजे उरलेल्यावर मोकळेपणाने बोलता येईल. फज्र बुडते, हे खरं. पण ती गाण्यामुळे बुडत नाही, स्ट्रीमिंगमुळे बुडते. गाणं ऐकायला चार मिनिटं लागतात. ग्रुपमध्ये टार्गेट आलंय म्हणून तेच गाणं पुन्हा लावायचं, आवाज बंद ठेवायचा नाही, मधे एखादा दुसरा व्हिडिओ घालायचा, परत तेच लावायचं आणि हे पहाटेपर्यंत करायचं, याला ऐकणं म्हणत नाहीत. ही कामाची पाळी आहे, तीही बिनपगारी. २०२१ मध्ये 'बटर'च्या व्हिडिओला यूट्यूबवर पहिल्या २४ तासांत दहा कोटींहून जास्त व्ह्यूज मिळाले. त्यात एका मुलीच्या जागरणाचे किती? साठ? सत्तर? ती झोपली असती तरी आकडा दहा कोटींच्या पुढेच राहिला असता आणि जिमीनला पत्ताही लागला नसता.

फोटोकार्डांचंही तसंच. अल्बम फोडेपर्यंत आत कोण निघेल ते कळत नाही, म्हणून तोच अल्बम दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा घेतला जातो. हा धंदा फार हुशारीने बांधलेला आहे आणि तुझ्यासारख्या लाखोजणी त्यात ओढल्या गेल्यात, त्यामुळे स्वतःला कोसत बसू नकोस. फक्त एकदा कागदावर दोन रकाने कर. आठवड्यात तू या सगळ्यासाठी जे जे करतेस त्यातलं तुझ्याकडे काय राहतं आणि कंपनीकडे काय जातं, ते लिही. भाषा तुझ्याकडे राहते. मैत्रिणी राहतात. पहाटे तीनचं मतदान कंपनीकडे जातं. दुसऱ्या रकान्यातलं निम्मं या महिन्यातच कापता येईल आणि तू फॅन म्हणून तसूभरही कमी होणार नाहीस. भाईला एवढं उत्तर पुरे.

आता त्याचा दुसरा प्रश्न, 'मुसलमान आहेस की कोरियन.' हा प्रश्न नाही, टोमणा आहे. तू मात्र तो खराच प्रश्न समजून रात्र रात्र सोडवत बसली आहेस.

भाई फुटबॉल बघत असेल तर एक गंमत बघ. परदेशी क्लबचे सामने मध्यरात्री असतात, त्यांसाठी मुलगे जागतात, हरल्यावर जेवत नाहीत आणि छातीवर सट्टेबाजीच्या कंपनीचं नाव छापलेली जर्सी घालून फिरतात. त्यांना कोणी विचारतं का, 'मुसलमान आहेस की इंग्रज?' मुलगा वेडा झाला की तो शौक असतो. मुलगी वेडी झाली की लगेच ओळखीचा, इज्जतीचा, दीनचा म्हणजे धर्माचा प्रश्न उभा राहतो.

यातलं एक उदाहरण मी विसरू शकत नाही. जानेवारी २०१५ मध्ये क्वालालंपूरला बी१ए४ या कोरियन बँडचा चाहत्यांसाठी कार्यक्रम झाला. तुदुंग, म्हणजे तिथला हिजाब, घातलेल्या काही मुलींना स्टेजवर बोलावलं, मालिकेतल्यासारखा प्रसंग करायला लावला आणि त्यात गायकांनी त्यांना मिठी मारली. व्हिडिओ पसरला. धार्मिक खात्याने कोणाला पुढे यायला सांगितलं, ठाऊक आहे? त्या मुलींना. आल्या नाहीत तर अटक होऊ शकते, असंही बजावलं. त्यांना स्टेजवर बोलावणारे आयोजक होते, मिठी मारणारे मोठे पुरुष होते, समोर टाळ्या वाजवणारे प्रेक्षक होते. लाज मात्र शाळकरी वयाच्या पोरींच्या डोक्यावरच्या कापडात शोधली गेली. तुझ्या फोटोखाली 'लाज ठेव' लिहिणारा तो अनोळखी माणूस याच रांगेतला. त्याला ब्लॉक कर. उत्तर लिहू नकोस.

'तुमच्यात हे चालतं?' असं विचारणाऱ्या मुलीचं थोडं वेगळं आहे. तिच्या मनात मुस्लिम मुलीचं एकच चित्र आहे आणि तू त्यात बसत नाहीस म्हणून ती गोंधळली आहे. तिला सांग, ११ ऑक्टोबर २०१९ ला बीटीएसने रियाधच्या किंग फहद स्टेडियममध्ये कार्यक्रम केला. सौदी अरेबियात स्टेडियममध्ये स्वतंत्र कार्यक्रम करणारे ते पहिले परदेशी कलाकार. बायकांना तिथल्या स्टेडियममध्ये बसायला मिळायला लागलं तेच मुळी २०१८ च्या जानेवारीत. दोन वर्षंही झाली नव्हती आणि अबाया, नकाब घातलेल्या मुली हातात आर्मी बॉम्ब, म्हणजे बीटीएसच्या चाहत्यांचे दिवे, घेऊन कोरियन ओळी तोंडपाठ म्हणत होत्या. इंडोनेशिया, मलेशिया यांचं तर बोलायलाच नको. तिथे कोरियन मालिका आणि गाणी आता दुसऱ्या पिढीकडे आली आहेत. तू अपवाद आहेस असं तुला वाटतं, कारण तुझ्या घरात तू एकटी आहेस.

संगीत जायज की नाजायज, यावर मी बोलणार नाही. मी आलिमा, म्हणजे धर्मशास्त्र शिकलेली बाई, नाही आणि सल्ला सदरातून फतवे देऊ नयेत. एवढंच सांगते की हा वाद बीटीएसने सुरू केलेला नाही. इमाम गझालींनी त्यांच्या 'इह्या' या ग्रंथात समाअवर, म्हणजे संगीत ऐकण्यावर, एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे आणि ते वारले ११११ साली. त्यांच्याशी कडाडून असहमत असणारेही मोठे विद्वान होऊन गेले. ज्यांच्याकडे तू दीनमधल्या बाकीच्या गोष्टी विचारतेस अशा एखाद्या जाणत्या बाईला विचार, तिचं ऐक, स्वतः वाच आणि तुझं मन कुठे थांबतं ते बघ. फक्त कमेंटमधून दीन शिकू नकोस.

मला तुझ्या पत्रात खरी अडकवणारी ओळ वेगळीच वाटली. 'हे मुलगे ओरडत नाहीत.' तू ती सहज लिहून पुढे गेलीस. मी तिथे बराच वेळ थांबले. ज्या घरात, गल्लीत, वर्गात पुरुषाचा आवाज वर चढणं रोजचं असतं, तिथल्या मुलीला सात मुलगे एकमेकांच्या गळ्यात पडून रडताना बघून काय वाटत असेल, ते समजायला कोरियाला जावं लागत नाही. कोरियन मालिकांमध्येही तेच. नायक आठव्या भागापर्यंत हात धरत नाही, थोरल्यांपुढे वाकतो, दारात चपला काढतो, थोरल्यांशी बोलायची क्रियापदंच वेगळी वापरतो. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण यांत जसं सगळं नातं कळतं, तसंच तिथे. इंग्रजी मालिकांमध्ये जे परकं वाटतं ते इथे ओळखीचं वाटतं. लाज आहे, आदर आहे, आईबापांची नाराजी आहे आणि तरी प्रेम आहे. हिजाब घातलेल्या मुलीला स्वतःच्या आयुष्याला जोडून बघता येईल अशी प्रेमकथा पडद्यावर तशीही फार कमी मिळते.

पण तो न ओरडणारा नायक बहुतेक वेळा एखाद्या बाईने लिहिलेला असतो. कोरियन मालिकांच्या नावाजलेल्या लेखकांत बायकाच जास्त आहेत. 'क्रॅश लँडिंग ऑन यू' ही मालिका लिहिणारी पार्क जी-उन हीही बाईच. म्हणजे तू ज्याच्या प्रेमात पडतेस तो कोरियन पुरुष नाही, कोरियन बाईला हवा असलेला पुरुष आहे. तिलाही तो आजूबाजूला पुरेसा मिळत नसावा. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या गटामध्ये बायका आणि पुरुष यांच्या पगारातली सगळ्यात मोठी दरी कोरियातच आहे. मला तर हे फार आवडतं. तिकडे टेबलाशी बसलेली एक बाई आणि इकडे पांघरुणात इयरफोन लावलेली तू, दोघींची मागणी एकच. ती मागणी तुझी आहे आणि रास्त आहे. उद्या लग्नाची बोलणी निघतील तेव्हा 'मुलगा चिडल्यावर कसा बोलतो' हा प्रश्न मोठ्याने विचारशील, तर एवढी वर्षं मालिका बघितल्याचं सार्थक झालं म्हणेन मी.

तू खऱ्या कोरियाच्या स्वप्नात आहेस का, हे पत्रातून नीट कळलं नाही. असशील तर त्या देशाकडे उघड्या डोळ्यांनी बघ. सोलच्या इतेवॉनमध्ये १९७६ पासून मशीद आहे, नामी बेटावर नमाजची खोली आहे, पर्यटकांसाठी हलाल जेवणाच्या याद्या निघतात. आणि तोच देश आहे जिथे २०१८ मध्ये जेजू बेटावर सुमारे पाचशे येमेनी निर्वासित आले, तेव्हा त्यांच्याविरुद्धच्या अर्जावर सात लाखांहून जास्त सह्या पडल्या. देगूमध्ये विद्यापीठाजवळ मुस्लिम विद्यार्थी मशीद बांधायला निघाले, तर शेजाऱ्यांनी विरोध केला. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिला, तरी बांधकामाच्या जागेबाहेर डुकराची मुंडकी आणून ठेवली गेली. तुझा हिजाब तिथे कोणाला गोड वाटेल, कोणाला खुपेल. जगात इतरत्र असतं तसंच.

आता तुझा मुख्य प्रश्न. दोन अकाउंटांतली खरी कोण?

२०२३ ची 'किंग द लँड' ही कोरियन मालिका बघितली असशीलच. त्यात एक अरब राजपुत्र दाखवला होता, क्लबमध्ये दारू पिणारा, बायकांवर लाळ गाळणारा. प्रेक्षक भडकले. रेटिंग पाडली, वाहिनीला लिहून लिहून हैराण केलं. वाहिनीने माफी मागितली, इंग्रजी आणि अरबीतसुद्धा. कोणी केलं हे? जे कोरियन मालिका बघतच नाहीत, त्यांना त्या राजपुत्राचा पत्ताही नव्हता. जे बघतात पण ज्यांना मुस्लिमांशी देणंघेणं नाही, ते हसून पुढे गेले असते. चूक दिसली ती दोन्हीकडे पाय असलेल्यांना. तुझ्यासारख्यांना. इथे हिजाबवाली खरी की फॅन खरी, हे कसं ठरवणार? एकीने मालिका लावली, दुसरीला राग आला आणि पत्र लिहिणारा हात एकच.

तू स्वतःही हे रोज करतेस, फक्त मोजत नाहीस. स्वतःच्या मर्जीने घातलेला हिजाब इतक्या गदारोळातही उतरवला नाहीस. गाण्यांसाठी भाषा शिकायला लागलीस आणि परीक्षेपर्यंत गेलीस. दोन्ही ठरवणारी तूच.

त्यामुळे 'सोडून देऊ का' याचं उत्तर, नको. रागाच्या भरात सोडलेलं तीन आठवड्यांत दुप्पट जोराने परत येतं, वर अपराधीपणा येतो. आणि दोन अकाउंटांबद्दल स्वतःला दुतोंडी समजू नकोस. अनोळखी लोकांपुढे चेहरा न दाखवणं यात शहाणपण आहे. उलट चेहरा असलेलं अकाउंट फक्त ओळखीच्यांपुरतं कर. अनोळखी जगापासून लपणं वेगळं आणि अम्मीपासून लपणं वेगळं. त्रास तुला होतोय तो अम्मीपासून लपण्याचा. त्यावर येतेच, पण आधी क्रीम.

क्रीमबद्दल तू एका ओळीत उरकलंस. मी उरकणार नाही. उजळ करणाऱ्या बऱ्याच क्रीममध्ये पारा असतो, काहींमध्ये स्टेरॉइड असतात आणि ते डबीवर लिहिलेलं असेलच असं नाही. पारा त्वचेतून शरीरात जातो आणि मूत्रपिंडांना इजा करतो. स्टेरॉइडने चार महिन्यांत कातडी पातळ होऊ शकते आणि ते एकदम थांबवलं तर चेहरा लाल होऊन पेटतो. म्हणून या आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरकडे जा, डबी सोबत ने, किती महिने लावलंस ते खरं सांग. आणि 'ग्लास स्किन'चे, काचेसारख्या नितळ त्वचेचे, जे चेहरे तू बघतेस त्यांच्यामागे दिवे असतात, मेकअप करणारी माणसं असतात, फिल्टर असतात आणि काय खायचं हे ठरवणारी कंपनी असते. २००९ मध्ये कोरियाच्या व्यापार आयोगाला कलाकारांच्या करारांवर सात वर्षांची मर्यादा घालावी लागली, कारण लोक त्यांना गुलामीचे करार म्हणायला लागले होते. त्या करारातला चेहरा बिनकराराच्या मुलीने कशाला मिळवायचा? कोरियन संस्कृतीचा तुझ्या ओळखीवर वाईट परिणाम कुठे झाला असं कोणी विचारलं, तर मी गाण्यांकडे बोट दाखवणार नाही. या डबीकडे दाखवेन. अर्थात गोरेपणाचं खूळ कोरियाने आणलं नाही, ते आपल्याकडे आधीपासून होतं. त्यांनी फक्त डबी सुंदर केली.

आता अम्मी.

मी तुझ्या वयाची असताना वर्गातली एक मुलगी कंपासपेटीच्या झाकणाला आतून एका खेळाडूचा फोटो चिकटवायची आणि वर वेळापत्रक लावायची. तिला वाटायचं कोणाला माहीत नाही. पुढे तिचं लग्न ठरलं तेव्हा आईने ती कंपासपेटीच तिच्या सामानात भरली, वेळापत्रकासकट. आयांना बरंच माहीत असतं. तू लिहितेस, जांभळा आर्मीचा रंग हे अम्मीला कुठे माहीत. खरंच माहीत नसेल, 'बोराहे' हा आर्मीचा जांभळ्या रंगावरून आलेला प्रेमाचा शब्द तिने ऐकलाही नसेल. पण इतक्या रंगांतून तिने ईदला जांभळाच का उचलला? तुझ्याकडे जांभळी वही असेल, जांभळी क्लिप असेल. तिने बघितलं असेल. तू लपवतेस त्या गोष्टीचा रंग तरी तिच्यापर्यंत पोहोचलाय.

तिला एकदम सगळं सांगायला बसू नकोस. 'अम्मी, मला बोलायचंय' अशी सुरुवात झाली की घरात भलत्याच शंका येतात. आधी परीक्षेचं सांग. तू कोणाच्या मदतीशिवाय एक परकी लिपी शिकलीस, परीक्षा दिलीस, पातळी मिळवलीस, आणि ही बातमी चोरीच्या मालासारखी लपवून ठेवली आहेस! निकाल दाखव. तिचं नाव हंगुलमध्ये, त्या कोरियन लिपीत, लिहून दाखव. मग एखाद्या दिवशी सोबत बघायला 'दे जांग गुम' ही कोरियन मालिका लाव. शाही मुदपाकखान्यात काम करणारी मुलगी पुढे राजाची वैद्य होते, त्याची गोष्ट. इराणमध्ये ही मालिका सरकारी दूरदर्शनवर लागायची आणि घरंच्या घरं बसून बघायची. ५४ भाग आहेत, त्यामुळे घाई नाही. अम्मी पंधराव्या भागाला स्वतःच 'पुढे काय होतं' विचारेल. तेव्हा बीटीएसचा विषय काढ, आधी नको. तिला नाहीच आवडलं, ती रागावली, तरी तुझा आवडीचा विषय घरात उच्चारला गेलेला असेल. पुढचं भांडण उघड्यावर होईल आणि उघड्यावरच्या भांडणात माणूस कमी थकतो.

फोटोकार्ड सध्या उलटंच राहू दे. ते सरळ करायचा दिवस तुझा तुला कळेल. कदाचित तोवर तुझा बायसही, म्हणजे बँडमधला सगळ्यात लाडका, बदललेला असेल.

आणि टॉपिक-दोनचा अर्ज. तिसऱ्या पातळीपासून पुढची परीक्षा वेगळी असते, त्यात लिहायलाही लागतं, त्यामुळे तयारीला वेळ हवा. शेवटची तारीख काय आहे ते आत्ता बघ. हे वाचून झाल्यावर नाही, आत्ता.